खरा वारा आणि भासमान वारा



पहांटेच्या वेळीं, झाडाचें पानहि हलत नाहीं अशा स्तब्ध हवेंत एखादा मनुष्य सायकलवर बसून निघाला, तर त्याला समोरून वारा लागतो. तो थांबला कीं वारा थांबतो; तो वेगानें निघाला कीं वाराहि वेगानें येतो. त्यानें कोपऱ्यावर वळण घेतलें, तर वाराहि जणूं त्याच्या आधींच वळसा घालून पुन्हां त्याच्या तोंडासमोर येऊन उभा राहतो. या वाऱ्याला कोणी वारा म्हणत नाहीं. कारण तो सायकलस्वारानें स्वतःच निर्माण केला आहे, हें शाळकरी पोरालादेखील कळतें. आतां हाच मनुष्य अशा दिवशीं बाहेर पडला कीं, ज्या दिवशीं खरोखरीच पश्चिमेचा वारा वाहत आहे, आणि त्याला जावयाचें आहे उत्तरेकडे. त्याच्या गालाला लागणारा वारा ना धड पश्चिमेचा, ना धड उत्तरेचा. तो वायव्येच्या बाजूनें आल्यासारखा वाटतो. त्यांतला किती भाग वाऱ्याचा आणि किती भाग सायकलस्वाराचा, हें सांगणें आतां तितकेंसें सोपें राहत नाहीं.

सायकलस्वाराला हें सांगतां आलें नाहीं तरी त्याचें कांहीं बिघडत नाहीं. परंतु ज्याचें वाहनच वाऱ्यावर चालतें, त्या शिडाच्या नौकेवरील मनुष्याला या प्रश्नाचें उत्तर घटकेघटकेला द्यावें लागतें. उत्तर चुकलें तर शर्यत हातची जाते, शीड फाटतें, आणि प्रसंगीं प्राणावरहि बेततें. म्हणून नाविकांनीं या दोन वाऱ्यांना दोन निरनिराळीं नांवें दिलीं आहेत. समुद्रावरून जो प्रत्यक्ष वाहत असतो तो खरा वारा. आणि चालत्या नौकेवर उभ्या असलेल्या मनुष्याला जो लागतो तो भासमान वारा. यॉट म्हणून जी हौसेची व शर्यतीची शिडाची नौका असते, तिच्यावर नव्यानें पाऊल ठेवणाराला जे पहिले धडे घ्यावे लागतात, त्यांत या दोहोंमधील भेद ओळखणें हा एक मोठा धडा आहे.

या भेदासंबंधींची एक जुनी हकीकत प्रसिद्ध आहे. ऑक्सफर्ड येथील खगोलशास्त्राचे प्राध्यापक जेम्स ब्रॅडली हे १७२८ सालीं कांहीं मंडळींबरोबर थेम्स नदीवर नौकाविहारास गेले होते. वारा बेताचा होता, आणि शिडाची नाव बराच वेळ नदींतून खालींवर फेऱ्या घालीत होती. तिच्या डोलकाठीच्या टोंकाला वाऱ्याची दिशा दाखविणारा एक फिरता पंखा होता. ब्रॅडली यांची नजर त्या पंख्याकडे लागली. नाव तोंड फिरवून दुसऱ्या बाजूस वळली कीं पंखा थोडासा सरके. जणूं कांहीं वाऱ्यानेंच दिशा बदलली आहे. तीनचार वेळां त्यांनीं कांहीं न बोलतां हें पाहिलें. अखेरीस त्यांनीं खलाशांना विचारलें कीं, आपण नाव वळवावी आणि नेमकी त्याच क्षणीं वाऱ्यानें दिशा बदलावी, हा काय योगायोग आहे? खलाशांनीं सांगितलें, वारा मुळींच बदललेला नाहीं. नाव वळली म्हणून तसें दिसतें, आणि हें दर वेळीं असेंच होतें. ही हकीकत पुढें पुष्कळ वर्षांनीं, १८१२ सालीं, टॉमस टॉम्सन यांनीं रॉयल सोसायटीच्या इतिहासांत छापली. खलाशांच्या त्या साध्या उत्तरानें ब्रॅडली यांच्या मनांतलें कोणतें कोडें सुटलें तें शेवटीं येईलच. तत्पूर्वी त्या उत्तरांतलें गणित पाहिलें पाहिजे.

समजा, खरा वारा उत्तरेकडून १२ नॉट वेगानें येत आहे. तासाला एक सागरी मैल, म्हणजे १,८५२ मीटर, या वेगाला नाविक एक नॉट म्हणतात. नौकेचा वेग सोयीसाठीं सर्व दिशांना ६ नॉट धरावा. नौका वाऱ्याबरोबर दक्षिणेकडे चालली असेल, तर मागून येणाऱ्या १२ नॉट वाऱ्यापुढें ती ६ नॉटांनीं पळत आहे. तेव्हां तिच्यावरील माणसाला मागून केवळ ६ नॉट वारा लागेल. ती पूर्वेकडे, म्हणजे वाऱ्याच्या आडवी चालली असेल, तर डावीकडून येणारा १२ नॉट वारा आणि समोरून भेटणारा स्वतःच्या गतीचा ६ नॉट वारा यांची बेरीज काटकोनांतील कर्णाप्रमाणें होऊन सुमारें साडेतेरा नॉट वारा लागेल. आणि तो बरोबर बाजूनें न लागतां नाळेपासून, म्हणजे नौकेच्या पुढच्या टोंकापासून, ६३ अंशांवरून आल्यासारखा वाटेल. आणि ती ईशान्येकडे, म्हणजे वाऱ्याला ४५ अंशांचा कोन करून त्याच्यावर चढत असेल, तर भासमान वारा जवळजवळ १७ नॉट होईल, आणि तो नाळेपासून केवळ ३० अंशांवर येईल.

वारा एकच, नौका एकच, तिचा वेगहि एकच. परंतु दक्षिणेकडे जातांना ६ नॉट आणि ईशान्येकडे जातांना १७ नॉट. शिडावरील दाब वाऱ्याच्या वेगाच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढतो हें ध्यानांत घेतलें, म्हणजे हा फरक किती मोठा आहे तें कळेल. सहाचा वर्ग ३६ आणि सतराच्या जवळपासच्या संख्येचा वर्ग २८०. म्हणजे त्याच वाऱ्यांत, केवळ नौकेचें तोंड फिरविल्यामुळें, शिडाच्या प्रत्येक चौरस फुटावरील दाब जवळजवळ आठपट होतो.

थेम्सवरील पंख्याचें कोडेंहि याच आंकड्यांवरून उलगडतें. शिडाची नौका वाऱ्याच्या थेट तोंडावर चालूं शकत नाहीं. तिला एकदां ईशान्येकडे आणि एकदां वायव्येकडे असा नागमोडी मार्ग काढीत उत्तर गांठावी लागते. ईशान्येकडे जातांना तिचा पंखा, वारा उत्तरेच्या पूर्वेस १५ अंशांवरून येत आहे असें दाखवील. वायव्येकडे वळतांच तोच पंखा, वारा उत्तरेच्या पश्चिमेस १५ अंशांवरून येत आहे असें दाखवील. खरा वारा मात्र उत्तरेचा तो उत्तरेचाच. नौका चालत आहे तोंपर्यंत भासमान वारा हा खऱ्या वाऱ्यापेक्षां नेहमीं नाळेकडे सरकलेला असतो, हा एक नियम लक्षांत ठेवला म्हणजे पुष्कळसें काम होतें. अपवाद एवढाच कीं, वारा थेट समोरून किंवा थेट मागून असला तर दिशा बदलत नाहीं, केवळ वेग बदलतो.

आतां साहजिकच प्रश्न येतो, नाविकानें या दोहोंपैकीं कोणत्या वाऱ्याकडे पाहावें? एकाला खरा आणि दुसऱ्याला भासमान अशीं नांवें पडल्यामुळें, भासमान तो खोटा व म्हणून टाकाऊ, असा नवशिक्याचा समज होण्याचा संभव असतो. तो समज बरोबर नाहीं. शीड नौकेबरोबरच चालत असतें. त्यामुळें शिडाला भासमान वाऱ्याखेरीज दुसरा वारा ठाऊकच नसतो. शीड किती ओढून धरावें, किती सैल सोडावें, त्याचा फुगवटा किती ठेवावा, हें सर्व भासमान वाऱ्यावरच ठरवावें लागतें. सुकाणू धरणारा मनुष्य वाऱ्यावर चढत असतांना गालाला लागणाऱ्या वाऱ्याकडे आणि शिडावर टांकलेल्या लोंकरीच्या धाग्यांकडे पाहून नौका चालवितो, तेव्हां तो भासमान वाऱ्याचेंच ऐकत असतो, आणि तेंच योग्य असतें.

परंतु शीड या क्षणीं कसें आहे हा एक प्रश्न, आणि पुढच्या घटकेला काय करावयाचें हा दुसरा प्रश्न. कोणत्या दिशेनें जावें, वळण कोठें घ्यावें, वळल्यावर कोणतें शीड लागेल, वाऱ्यानें दिशा बदलली आहे कीं काय, हवा बिघडत चालली आहे काय, या सर्व प्रश्नांचीं उत्तरें भासमान वारा देऊं शकत नाहीं. कारण नौका वळली कीं तोहि बदलणार. तीं उत्तरें खऱ्या वाऱ्यापासूनच मिळवावीं लागतात. थोडक्यांत सांगावयाचें तर, शिडाची दोरी भासमान वाऱ्यावर आणि पुढचा बेत खऱ्या वाऱ्यावर.

हा भेद विसरल्यानें खरा धोका उत्पन्न होतो तो वाऱ्याबरोबर जातांना. खरा वारा २० नॉट आहे आणि नौका त्याच्याबरोबर ८ नॉट वेगानें पळत आहे, असें समजावें. नौकेवरील मंडळींना लागतो तो १२ नॉट वारा. नौका कलत नाहीं, पाणी अंगावर येत नाहीं, लाटाहि मागूनच येत असल्यामुळें बोचत नाहींत. मंडळी अंगांतलें जाड कपडे काढून उन्हांत बसतात. सगळीं शिडें पूर्ण पसरलेलीं असतात. आणि दिवस मोठा सुखाचा आहे असें जो तो म्हणतो. तेवढ्यांत कोणी तोल जाऊन पाण्यांत पडतो. त्याला घेण्यासाठीं नौका फिरवून वाऱ्याच्या तोंडावर आणावी लागते. आणि ती फिरतांच, ६ नॉट वेगानें वाऱ्याला ४५ अंशांवर चढूं लागतांच, तोच वारा जवळजवळ २५ नॉट होऊन अंगावर येतो. दाब चौपट होतो. जीं शिडें आतांपर्यंत शोभेसाठीं पसरल्यासारखीं वाटत होतीं, तीं नौकेला आडवी करूं पाहतात. लाटा समोरून आदळूं लागतात. आणि ज्या क्षणीं बुडणाऱ्या माणसाकडे लक्ष द्यावयाचें, त्याच क्षणीं सर्वांचे हात शिडांत गुंतून पडतात. वारा वाढलेला नसतो. तो मघांपासून तेवढाच होता. तो कळला नव्हता इतकेंच.

म्हणून शहाणा नाविक वाऱ्याबरोबर जातांना मनांत एक बेरीज सतत करीत असतो: लागणारा वारा अधिक नौकेचा वेग. बारा आणि आठ, वीस. वीस नॉट वाऱ्यांत वर चढावयाचें झालें तर शीड किती ठेवलें असतें, असें तो स्वतःस विचारतो. आणि तेवढें शीड वळण घेण्यापूर्वीच आंखडून घेतो. ही बेरीज करण्याचा कंटाळा असेल त्यानें निदान पाण्याकडे पाहावें. समुद्राचा पृष्ठभाग नौकेबरोबर पळत नसल्यामुळें तो खऱ्या वाऱ्याचीच नोंद ठेवतो. ब्रिटिश आरमारांतील अधिकारी फ्रान्सिस बोफर्ट यांनीं एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीं वाऱ्याची जी श्रेणी आंखली, आणि जी त्या आरमारानें १८३८ पासून सक्तीनें वापरली, तिला पुढें समुद्राच्या दिसण्याचीं वर्णनें जोडण्यांत आलीं. बारा नॉटांचा वारा त्या श्रेणींत चवथ्या पायरीवर येतो. तेव्हां लाटांवर पांढऱ्या फेंसाचे तुरे बऱ्याच ठिकाणीं दिसतात. वीस नॉटांचा वारा पांचव्या पायरीवर. तेव्हां जिकडे पाहावें तिकडे तुरे. आणि पंचवीस नॉट म्हणजे सहावी पायरी. तेव्हां गालाला चवथी पायरी लागत आहे आणि डोळ्यांना पांचवी दिसत आहे, असें झालें तर डोळ्यांवर विश्वास ठेवावा. आणि वळल्यावर सहावीला तोंड द्यावयाचें आहे हें ओळखून असावें.

दुसरी फसवणूक यापेक्षां सूक्ष्म आहे, आणि ती शर्यतींत चांगल्या चांगल्यांना भोंवते. नौका वर चढत आहे. खरा वारा १२ नॉट, नौकेचा वेग ६, भासमान वारा नाळेपासून ३० अंशांवर. अशांत वारा एकाएकीं मंदावून ८ नॉटांवर आला. नौका जड असल्यामुळें तिचा वेग तत्काळ कमी होत नाहीं. ती कांहीं क्षण सहाच्या वेगानेंच पुढें जाते. त्या क्षणांत भासमान वारा ३० अंशांवरून २६ अंशांवर, म्हणजे नाळेकडे सरकतो. शिडाची पुढची कड फडफडूं लागते. सुकाण्यावरील मनुष्याला वाटतें, वाऱ्यानें दिशा बदलली, तो आपल्याला प्रतिकूल झाला. आतां बाजू पालटली पाहिजे. तो नौका वळवितो. वळवितांना आधींच कमी होणारा वेग आणखी गमावतो. आणि वळल्यावर पाहतो तों वारा होता तिकडूनच आहे. उलट, वारा एकदम १६ नॉटांवर गेला, तर भासमान वारा ३३ अंशांवर, म्हणजे मागच्या बाजूस सरकतो, आणि वारा अनुकूल वळला असा भास होतो. दोन्ही वेळां बदललेला असतो तो वाऱ्याचा जोर. दिसते ती दिशा. खरोखरच दिशा बदलली आहे कीं नाहीं हें ठरविण्यासाठीं अनुभवी मनुष्य क्षणभर थांबतो, होकायंत्र पाहतो, नौकेचा वेग स्थिर होऊं देतो, आणि मगच निर्णय करतो.

अलीकडच्या यॉटवर हा हिशेब यंत्रें करतात. डोलकाठीच्या टोंकावर फिरत्या वाट्यांचें एक लहानसें चक्र वाऱ्याचा वेग मोजतें आणि एक पंखा त्याची दिशा दाखवितो. नौकेच्या तळाशीं बसविलेलें एक चिमुकलें पाणचक्र पाण्यांतील वेग मोजतें. होकायंत्र नाळेची दिशा सांगतें. हीं सर्व मापें गणकयंत्रांत जातात, आणि सुकाण्यापुढील तबकडीवर खरा वारा व भासमान वारा असे दोन्ही आंकडे उमटतात. एवढी सोय झाल्यावर चिंता कसली, असें वाटेल. परंतु येथें एक गोष्ट विसरतां कामा नये. यंत्र प्रत्यक्ष मोजतें तो भासमान वारा. खरा वारा तें मोजत नाहीं, हिशेबानें काढतें. हिशेबांत घातलेलें एकहि माप चुकलें, तर खरा म्हणून दाखविलेला वारा खोटा ठरतो. आणि तबकडीवर ‘खरा’ हें नांव मात्र कायम राहतें.

याचें उदाहरण फार बोलकें आहे. नौका कांहीं दिवस बंदरांत उभी राहिली कीं तळाच्या त्या पाणचक्रावर शेवाळ धरतें, बारीक शंखशिंपले बसतात, आणि तें फिरेनासें होतें. नौका ६ नॉटांनीं चालत असतांना यंत्र समजतें कीं ती उभीच आहे. मग भासमान वाऱ्यांतून वजा करावयास कांहींच राहत नाहीं, आणि १७ नॉट हाच खरा वारा म्हणून तबकडीवर येतो. एका बाजूस चढतांना तो उत्तरेच्या पूर्वेस १५ अंश, दुसऱ्या बाजूस चढतांना पश्चिमेस १५ अंश असा ३० अंशांची उडी मारतो. थेम्सवरील पंख्याची जुनीच गोष्ट, फक्त यंत्राच्या तोंडून. चक्र अगदींच बंद न पडतां थोडें जड फिरत असेल तर उडी लहान असते, आणि लहान असल्यामुळेंच ती लवकर ओळखूं येत नाहीं. म्हणून जाणते लोक शर्यतीपूर्वी शांत पाण्यांत दोन्ही बाजूंस नौका चालवून पाहतात. खरा वारा दोहोंकडे सारखाच दिसला तर मापें बरोबर, नाहींतर प्रथम मापें दुरुस्त करावयाचीं. शिवाय शीड स्वतःच आपल्या आजूबाजूचा वारा वांकवितें. नौका कलली कीं वरचीं यंत्रेंहि कलतात. आणि डोलकाठीच्या टोंकावरील वारा पाण्यालगतच्या वाऱ्यापेक्षां अधिक वेगवान असतो. या सर्वांचा विचार ज्यानें ठेवला, त्यालाच यंत्राचा उपयोग होतो.

याहून एक पाऊल पुढें गेलें कीं, खरा या शब्दाविषयींच थोडी शंका येऊं लागते. वारा अगदीं पडलेला आहे आणि खाडींतून ओहोटीचें पाणी २ नॉट वेगानें बाहेर चाललें आहे, असें समजावें. त्या पाण्यावर शीड न लावतां सोडलेली होडी पाण्याबरोबर वाहत जाईल. आणि तिच्यांत बसलेल्या मनुष्याला समोरून २ नॉट वारा लागेल. पाणचक्र म्हणेल, नौका स्थिर आहे, कारण पाण्याच्या मानानें ती स्थिरच आहे. म्हणजे यंत्राच्या मतें हा दोन नॉट वारा अगदीं खरा. किनाऱ्यावर उभा असलेला मनुष्य म्हणेल, वारा मुळींच नाहीं. दोघेहि आपल्या जागीं बरोबर आहेत. नाविकाचा खरा वारा हा पाण्याच्या मानानें मोजलेला असतो, आणि वेधशाळेचा वारा जमिनीच्या मानानें. वेधशाळेनें वर्तविलेला वारा आणि तबकडीवरचा वारा यांची तुलना करतांना भरतीओहोटीचा प्रवाह मध्यें धरावाच लागतो. ओहोटी वाऱ्याच्या विरुद्ध वाहूं लागली म्हणजे खाडीच्या तोंडाशीं ज्या उंच व तुटक लाटा उठतात, त्यांच्या कारणांपैकीं हेंहि एक आहे: पाण्याच्या दृष्टीनें वारा वाढलेला असतो.

वाऱ्याचा हा गुण कांहीं नाविकांनीं आपल्या चाकरीलाहि लावला आहे. एकट्यानें लांबचा प्रवास करणाराला झोंप ही घ्यावीच लागते, आणि तो झोंपला असतां सुकाणू कोणी सांभाळावें हा प्रश्न असतो. त्यासाठीं नौकेच्या मागच्या टोंकाला एक उभा पंखा बसवितात. नौका वाऱ्याशीं ठरविलेल्या कोनापासून ढळली कीं पंखा वळतो, आणि त्याच्याशीं जोडलेली योजना सुकाणू फिरवून नौकेला पुन्हां त्या कोनावर आणते. १९६० सालीं अटलांटिक महासागर एकट्यानें ओलांडण्याची जी पहिली शर्यत झाली, तींत फ्रान्सिस चिचेस्टर हे ४० दिवसांत पहिले आले. त्यांच्या व दुसरे आलेल्या ब्लाँडी हॅस्लर यांच्या नौकेवर अशा पंख्याची योजना होती. कोठेंहि न थांबतां एकट्यानें पृथ्वीप्रदक्षिणा करणारे पहिले नाविक रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन यांची ‘सुहेली’ ही नौका तर मुंबईसच सागवानी लांकडाची बांधलेली होती. १९६८-६९ मधील त्या ३१२ दिवसांच्या प्रवासांत त्यांचा पंखा अर्ध्या वाटेवर मोडला, आणि पुढचें सारें अंतर त्यांनीं शिडांचा तोल साधून काटलें.

हा पंखा मोठा इमानी चाकर. पण त्याचें इमान दिशेशीं नसून वाऱ्याशीं असतें, आणि तेंहि भासमान वाऱ्याशीं. मध्यरात्रीं खरा वारा दक्षिणेकडे सरकला तर पंखा नौकेलाहि त्याच्यामागून निमूटपणें वळवितो. शिडें पूर्वीसारखींच भरलेलीं, नौका पूर्वीइतकीच कललेली, गालाला लागणारा वारा पूर्वीचाच. झोंपेंतून उठलेल्या मनुष्याला कांहींच बदललेलें दिसत नाहीं; आणि नाळ मात्र किनाऱ्याकडे झालेली असते. म्हणून अशा प्रवासांत उठल्याबरोबर प्रथम होकायंत्र पाहावयाचें, ही संवय अंगीं बाणवावी लागते. गोव्यांत बांधलेल्या ‘म्हादेई’ या नौकेंतून २००९-१० मध्यें एकट्यानें पृथ्वीप्रदक्षिणा करणारे पहिले भारतीय दिलीप दोंदे, तिच्यांतूनच २०१२-१३ मध्यें कोठेंहि न थांबतां ती करणारे अभिलाष टॉमी, आणि ‘तारिणी’ नौकेंतून २०१७-१८ मध्यें सहा जणींनीं व २०२४-२५ मध्यें दोघींनीं प्रदक्षिणा पुरी करणाऱ्या भारतीय नौदलांतील स्त्रिया, या सर्वांना दक्षिण महासागरांतील त्या वाऱ्यांशीं रात्रंदिवस हाच हिशेब करीत राहावें लागलें असलें पाहिजे.

दुसऱ्या टोंकाला अशा नौका आहेत कीं, ज्या आपल्या गतीनें आपला वारा वाढवूनच चालतात. घर्षण फार कमी असलें, कीं नौका जसजशी वेग घेते तसतसा आडवा आलेला वारा भासमान होऊन जोर धरतो, आणि तो जोर तिला आणखी पुढें ढकलतो. गोठलेल्या सरोवरांवर पोलादी पात्यांवर चालणाऱ्या शिडाच्या गाड्या याच न्यायानें वाऱ्याच्या कित्येक पटींनीं पळतात. २४ नोव्हेंबर १९१२ नंतर बरोबर शंभर वर्षांनीं, म्हणजे २०१२ सालच्या त्याच तारखेस, पॉल लार्सन यांनीं नामिबियांतील वॉल्व्हिस बे येथें ५०० मीटरांच्या अंतरावर ६५.४५ नॉट हा वेग गांठला. तो त्या वेळच्या खऱ्या वाऱ्याच्या दुपटीहून अधिक होता. अशा नौकेवर वारा कोठूनहि येवो, तो समोरूनच येत आहे असें वाटतें, सायकलस्वारासारखें. मात्र तेथेंहि खऱ्या वाऱ्याचा आधार सुटत नाहीं. तो पडला कीं भासमान वाराहि कांहीं क्षणांतच विरून जातो. कारण व्याज कितीहि वाढलें तरी मुद्दल दुसऱ्याचें असतें.

आतां ब्रॅडली यांच्या कोड्याकडे वळावयास हरकत नाहीं. पृथ्वी सूर्याभोंवतीं फिरते असें कोपर्निकस यांनीं १५४३ सालीं ग्रंथरूपानें मांडलें होतें. तरी त्या फिरण्याचा डोळ्यांना दिसेल असा पुरावा पावणेदोनशें वर्षें झालीं तरी कोणाच्या हातीं लागला नव्हता. तो मिळविण्याच्या हेतूनें सॅम्युअल मॉलिन्यू यांनीं लंडनजवळ क्यू येथें एक दुर्बीण उभी बसविली, आणि १७२५ च्या डिसेंबरपासून ते व ब्रॅडली कालेय नांवाच्या तारकापुंजांतील एका ताऱ्याचे वेध घेऊं लागले. तारा सरकला खरा. वर्षभरांत एकूण सुमारें ४० विकला इकडून तिकडे गेला. परंतु पृथ्वीची जागा बदलल्यामुळें तो ज्या महिन्यांत ज्या बाजूस दिसावयास पाहिजे होता, त्यापेक्षां तीन महिन्यांच्या फरकानें तो दिसत होता. वेध चोख होते, आणि अर्थ लागत नव्हता.

थेम्सवरील पंख्यानें तो अर्थ लावला. ताऱ्याचा प्रकाश हा वारा, पृथ्वी ही नाव आणि दुर्बीण हा डोलकाठीवरील पंखा. पृथ्वी वर्षभर आपली दिशा पालटीत असते, म्हणून प्रकाश येण्याची दिशाहि पालटल्यासारखी दिसते. तारा मात्र हललेला नसतो. पृथ्वीचा वेग सेकंदाला सुमारें ३० किलोमीटर आणि प्रकाशाचा सुमारें ३ लक्ष किलोमीटर. म्हणजे दहा हजारांस एक. एवढ्या प्रमाणानें होणारा कोन साडेवीस विकलांचा. एका बाजूस तेवढा आणि दुसऱ्या बाजूस तेवढा मिळून ब्रॅडली यांनीं पाहिलेल्या ४० विकला. यावरून त्यांनीं सूर्याचा प्रकाश पृथ्वीवर येण्यास सव्वाआठ मिनिटांच्या जवळपास वेळ लागतो असें काढलें, आणि तें आजच्या मापाशीं जुळतें. १७२९ च्या जानेवारींत त्यांचा लेख रॉयल सोसायटीपुढें वाचला गेला. पृथ्वी चालत आहे याचा पहिला प्रत्यक्ष पुरावा तो हाच.

किनाऱ्यावर उभा राहून ज्या वाऱ्याला मनुष्य निःशंकपणें खरा म्हणतो, तो किनाराहि असा एका मोठ्या नावेचाच भाग आहे. तरी नाविकाचें काम त्यामुळें अडत नाहीं. आपण कशाच्या मानानें मोजतों आहों आणि त्या मापांत आपली स्वतःची गति किती मिसळली आहे, एवढें ठाऊक असलें म्हणजे त्याचें शीडहि सांभाळलें जातें आणि मार्गहि सांपडतो. ब्रॅडली यांचें नांव खगोलशास्त्रांत कायमचें राहिलें. ज्या खलाशांनीं त्यांना, वारा बदललेला नाहीं, नाव वळली आहे, असें सांगितलें, त्यांचीं नांवें मात्र त्या हकीकतींत आलेलीं नाहींत.